मळखाऊ रंगांचा इतिहास

१/२३
कपड्यांविषयी सल्ला देणारे आज एक नियम हमखास सांगतात. आधी काळा, पांढरा, गडद निळा, करडा आणि खाकी या पायाभूत रंगांचे कपडे घ्यावेत. लाल, हिरवे, जांभळे त्यांच्या आधाराने मागाहून घ्यावेत. हे पाच रंग कशाशीही जुळतात, ते 'तटस्थ' आहेत, असे त्याचे कारण दिले जाते. इतिहास पाहता यांपैकी एकही रंग जन्मतः तटस्थ नव्हता. कपाटातील या साध्या रांगेमागे एक खून, अनेक युद्धे, गुलामांचे श्रम, नीळ पिकवणाऱ्या रयतेचे हाल आणि काही जुलमी हुकूम उभे आहेत. त्याची ही हकिगत.

२/२३
मराठीत या कल्पनेला एक जुना आणि नेमका शब्द आहे: मळखाऊ. मळ पोटात घेऊन वर न दाखवणारा, तो मळखाऊ रंग. शाळेच्या गणवेशाचे, रोजच्या लुगड्याचे, प्रवासाच्या कोटाचे कापड घेताना घरातील वडीलधारी माणसे हाच निकष लावत. या शब्दात शोभेचा विचार फारसा नाही, धुण्याचा आहे. पाणी कोण भरणार, साबण केवढ्याचा, अंगावरचा जोड वाळेपर्यंत दुसरा जोड आहे की नाही, यावर रंग ठरत असे. जगभरच्या रंगनिवडीचा इतिहासही पुष्कळदा याच प्रश्नांपासून सुरू होतो.

३/२३
सर्वांत जुना पायाभूत रंग म्हणजे न रंगवलेला. दख्खनी मेंढीची लोकर काळी, पांढरी, करडी, तशीच धनगराच्या खांद्यावरची घोंगडी. युरोपातही न रंगवलेल्या लोकरीचे करडे-तपकिरी जाडेभरडे कापड हा कष्टकऱ्यांचा पोशाख होता. तेराव्या शतकाच्या आरंभी असिसीच्या फ्रान्सिसने दारिद्र्याचे व्रत घेतले, तेव्हा त्याच्या अनुयायांनी हेच कापड अंगावर घेतले. इंग्लंडात त्यांना 'ग्रे फ्रायर्स', म्हणजे करडे साधू, हे नाव पडले. कुणब्याचा करडा नाइलाजाचा होता, साधूचा निवडीचा. रंग एकच असून त्याचे दोन अर्थ झाले. हा फरक पुढेही लक्षात ठेवावा लागेल.

४/२३
काळ्या रंगाची गोष्ट याहून वेगळी. मध्ययुगात खरा गर्द काळा रंग चढवणे हे रंगाऱ्याचे अवघड काम होते. मायफळासारख्या वनस्पतिज गाठी आणि लोहाचे क्षार वापरले तर काळा येई, पण कालांतराने तो कापडच खाऊन टाकी. निळ्या रंगावर तांबड्याचे हात देत देत काळ्यापर्यंत पोहोचणे हा दुसरा मार्ग; तो फार खर्चिक. त्यामुळे गरिबाचा काळा लवकरच विटून तपकिरी किंवा राखी होई. टिकाऊ, चमकदार काळा अंगावर असणे ही श्रीमंतीची खूण ठरली.

५/२३
चौदाव्या शतकात इटलीतील शहरांनी पोशाखावर निर्बंध घालणारे कायदे केले. झळाळते किरमिजी रंग आणि उंची वस्त्रे सरदार-उमरावांसाठी राखून ठेवलेली. व्यापाऱ्याकडे पैसा कितीही असला तरी त्याने ती वापरू नयेत. व्यापाऱ्यांनी यातून वाट काढली. काळा रंग कायद्याने साधा मानला होता, म्हणून त्यांनी उत्तमातील उत्तम काळे कापड विणवून आणि रंगवून घेतले. कायद्याच्या अक्षराला धक्का न लावता श्रीमंती दाखवण्याची ही युक्ती होती. पाहता पाहता उमरावही त्याच काळ्याकडे वळले.

६/२३
१० सप्टेंबर १४१९ रोजी फ्रान्समधील मोंतरो येथील पुलावर वाटाघाटी चालू असतानाच बर्गंडीचा ड्यूक जॉन याचा खून झाला. त्याचा मुलगा फिलिप याने काळी वस्त्रे धारण केली आणि पुढे आयुष्यभर काळा हाच त्याचा मुख्य रंग राहिला. बर्गंडीचा दरबार त्या काळी युरोपात सर्वांत वैभवशाली गणला जाई. सुतकातून आलेला रंग अशा दरबारात गेल्यावर त्याला दबदबा प्राप्त झाला. शोक, गांभीर्य आणि सत्ता या तीनही गोष्टी त्यात मिसळल्या.

७/२३
बर्गंडीचा वारसा विवाहसंबंधांतून हॅब्सबर्ग घराण्याकडे आणि तेथून स्पेनकडे गेला. सम्राट पाचवा चार्ल्स आणि त्याचा मुलगा दुसरा फिलिप यांच्या काळात काळा हा स्पॅनिश दरबाराचा रंग झाला. १५२८ साली प्रसिद्ध झालेल्या कास्तिल्योने याच्या दरबारी शिष्टाचारावरील ग्रंथातही रोजच्या पोशाखासाठी काळा, निदान गडद, रंग योग्य मानला आहे. याच काळात धर्मसुधारकांनीही भडक रंगांना ऐहिक मोह ठरवले. कॅथलिक राजा आणि प्रोटेस्टंट पाद्री एकमेकांचे वैरी. पण दोघांचेही झगे काळेच.

८/२३
या काळ्याला कच्चा माल समुद्रापार सापडला. मेक्सिकोतील कांपेचे किनाऱ्यावरील लॉगवूड या झाडाच्या गाभ्यापासून रंग निघे आणि लोहाच्या क्षारासह तो काळा होई. इंग्लंडच्या संसदेने हा रंग टिकत नाही म्हणून १५८१ मध्ये त्यावर बंदी घातली. पक्का करण्याची रीत साधल्यावर १६६२ मध्ये ती उठवली. आजच्या बेलिझच्या दलदलीत इंग्रज लाकूडतोड्यांनी वसाहती केल्या आणि अठराव्या शतकात ते कष्टाचे काम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या अंगावर पडले. लंडनच्या पाद्र्याचा गंभीर झगा त्या दलदलीतून येत होता.

९/२३
तरीही अठराव्या शतकातील युरोपीय पुरुष रंगीबेरंगी होता. रेशीम, जर, भरतकाम, फुलांच्या नक्षीची बंडी हे सभ्य गृहस्थाचे लक्षण. १८०० च्या आसपास लंडनमध्ये जॉर्ज ब्रमेल या तरुणाने हे चित्र पालटले. गडद निळा कोट, फिकट पिवळसर बंडी व विजार, संध्याकाळी काळा पोशाख आणि गळ्याशी खळ दिलेला पांढराशुभ्र रुमाल, एवढेच त्याचे रंग. बाकी सारे लक्ष बेतण्याकडे, शिवणीकडे आणि स्वच्छतेकडे. मोजके रंग आणि चोख काप हे आजचे सूत्र त्याच्यापासून रूढ झाले.

१०/२३
हा साधेपणा स्वस्त मात्र नव्हता. रोज नवा धुतलेला, नीट खळ दिलेला रुमाल म्हणजे धोबी, नोकर आणि वेळ यांचा खर्च. ब्रमेल कर्जात बुडाला, १८१६ मध्ये फ्रान्सला पळाला आणि १८४० मध्ये तेथेच हलाखीत मरण पावला. त्याने घालून दिलेली चाल मात्र टिकली. मानसशास्त्रज्ञ फ्लूगल याने १९३० च्या आपल्या ग्रंथात या स्थित्यंतराला पुरुषांचा महान त्याग म्हटले आहे: पुरुषांनी नटण्यावरील हक्क सोडला आणि केवळ कामाचे दिसणे पत्करले.

११/२३
त्या त्यागाला कोळशाच्या धुराचीही साथ होती. काजळीने भरलेल्या औद्योगिक शहरांत काळा कोट खरोखरच मळखाऊ ठरला. मालक आणि कारकून, दोघेही काळ्यात. फरक कापडाच्या पोतात. १८६१ मध्ये पती अल्बर्ट वारल्यावर राणी व्हिक्टोरियाने १९०१ मध्ये मरेपर्यंत काळा सोडला नाही. घरकाम करणाऱ्या आणि दुकानांत उभ्या राहणाऱ्या मुलींचाही गणवेश काळाच असे. १९२६ मध्ये अमेरिकेतील 'व्होग'ने शनेलच्या साध्या काळ्या पोशाखाची तुलना फोर्ड मोटारीशी केली. सुतकाचा रंग आता सर्वांचा झाला होता.

१२/२३
महाराष्ट्रात हे गणित लागू पडत नव्हते. येथे काळा अशुभ, लग्नकार्यात वर्ज्य. अपवाद संक्रांतीचा: ऐन थंडीतल्या त्या सणाला काळी चंद्रकळा कौतुकाने नेसली जाते. सुतकाचा रंगही एकच नव्हता. विधवेचे वस्त्र म्हटले की बंगालात पांढरे, तर महाराष्ट्रातील ब्राह्मण घरांतील केशवपन केलेल्या विधवेच्या वाट्याला लाल आलवण. ज्या लाल रंगाला आजचे वेषसल्लागार ठसठशीत म्हणतात, तोच एका समाजाने एका बाईला अदृश्य करण्यासाठी वापरला. तटस्थता रंगाच्या अंगी नसते, ती समाज ठरवतो.

१३/२३
आता गडद निळा. १७४८ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांसाठी प्रथमच गणवेश ठरला, तो निळा आणि पांढरा. इंग्रजीतील 'नेव्ही ब्लू' हे नाव त्यावरूनच आले. ऊन आणि खारे पाणी यांना तोंड देणारा निळा म्हणजे निळीचा. ही नीळ अठराव्या शतकात कॅरिबियन बेटे आणि दक्षिण कॅरोलायना येथे गुलामांच्या श्रमातून येई. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्रजांनी आपली नजर बंगालकडे वळवली.

१४/२३
निळीचे झुडूप कापून हौदात कुजवायचे, मग मजुरांनी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ते पाणी घुसळायचे. हवा लागली की हिरवट पाणी निळे होते आणि गाळ तळाशी बसतो. तो उकळून, दाबून, वाळवून त्याच्या वड्या पाडतात. पेरणीसाठी मळेवाले रयतेला आगाऊ रक्कम देत. तिला दादन म्हणत. एकदा दादन घेतले की कर्ज फिटत नसे, बापाचे देणे मुलाच्या डोक्यावर येई. भाताच्या चांगल्या जमिनीत नीळ पेरावी लागे. नकार देणाऱ्याला कोठडी आणि लाठी.

१५/२३
१८५९ मध्ये बंगालच्या रयतेने नीळ पेरण्यास नकार दिला. १८६० च्या चौकशी आयोगापुढे फरीदपूरला पूर्वी मॅजिस्ट्रेट असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने अशी साक्ष दिली की, माणसाच्या रक्ताचा डाग लागल्याविना निळीची एकही पेटी इंग्लंडला पोहोचत नाही, हे म्हणणे खरे आहे. त्याच वर्षी दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' नाटक प्रसिद्ध झाले. त्याचा इंग्रजी अनुवाद छापवल्याबद्दल १८६१ मध्ये पाद्री जेम्स लाँग यांना एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह यांनी भरली.

१६/२३
१८९७ मध्ये जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि शेतातल्या निळीचा भाव कोसळला. तोटा मात्र मळेवाल्यांनी रयतेवर ढकलला. चंपारणमध्ये वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ पेरण्याची 'तीनकठिया' सक्ती होती. त्या सक्तीतून सुटका हवी तर वाढीव सारा द्या, असा तगादा सुरू झाला. १९१७ मध्ये गांधीजी तेथे गेले आणि १९१८ च्या कायद्याने ही पद्धत संपली. साहेबाच्या निळ्या कोटाचा हिशेब असा बिहारच्या शेतात मिटला.

१७/२३
निळ्याचा एक धागा मुंबईशीही जोडलेला आहे. खलाशी आणि कामगार वापरत त्या जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रजीत 'डंगरी' नाव पडले. त्याची व्युत्पत्ती मुंबईच्या डोंगरीशी जोडली जाते. अमेरिकेत १८७३ मध्ये जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी तांब्याच्या रिव्हेटा ठोकलेल्या मजबूत विजारींचे पेटंट घेतले. खाणकामगारांची ती निळी विजार आज जगभर कोणत्याही सदऱ्याखाली चालते. पायाभूत कपड्यांच्या यादीत तिचे नाव बहुधा पहिले असते.

१८/२३
खाकी हा शब्द फारसी 'खाक'वरून आला: धूळ, माती. १८४६ मध्ये पेशावरात हॅरी लम्सडेन याने 'कोअर ऑफ गाइड्स' हे पथक उभारले. लाल लोकरी डगला त्या उन्हात असह्य आणि डोंगरातून नेम धरणाऱ्याला सोयीचा. म्हणून स्थानिक रंगद्रव्यांत बुचकळून मातकट केलेले सुती कपडे सैनिकांना दिले गेले. १८५७ च्या धामधुमीत अनेक गोऱ्या पलटणींनीही आपले पांढरे उन्हाळी कपडे चहा, शाई, चिखल, जे मिळेल त्यात रंगवले. एकाच पलटणीत दहा छटा दिसत.

१९/२३
पक्का खाकी साधणे सोपे नव्हते. मंगळूर येथील बासेल मिशनच्या विणकाम कारखान्यात १८५० च्या दशकारंभी हा रंग सिद्ध केल्याचे श्रेय तेथील मुख्य विणकर जॉन हॅलर यांना दिले जाते. बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) ब्रिटिश फौज खाकीत लढली आणि १९०२ मध्ये तो तिचा नेहमीचा गणवेश झाला. फ्रेंच सैनिक मात्र १९१४ मध्ये लाल विजारीत मशीनगनसमोर गेले. पुढच्याच वर्षी त्यांना फिकट निळा गणवेश देण्यात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या अमेरिकी सैनिकांबरोबर खाकी विजार महाविद्यालयांत शिरली. भारतात ती पोलिसांची ओळख बनली. कोलकात्याचे पोलीस मात्र आजही पांढऱ्यात दिसतात.

२०/२३
पांढऱ्याला भारतात राजकीय अर्थ दिला तो खादीने. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे विदेशी कापडाची मोठी होळी झाली. २२ सप्टेंबरला मदुरेत गांधीजींनी केवळ पंचा नेसण्याचे ठरवले. न रंगवलेली खादी अंगावर आली की प्रांत आणि पेशा ओळखू येऊ नये, अशी त्यामागची अपेक्षा. पण ज्या प्रांतांत पांढरे हे वैधव्याचे वस्त्र, तेथील सुवासिनींना ती नेसणे जड गेले. किनारी आणि रंगाच्या खादीची मागणी झाली. येथेही सर्वांसाठी तटस्थ असा रंग सापडला नाही.

२१/२३
याच काळातील एक घटना या सर्व इतिहासाला आरसा दाखवते. १९२८ च्या आरंभी इंदूर संस्थानातील काही गावांच्या सवर्णांनी बलाई या अस्पृश्य समाजाला हुकूम बजावला: जरीकाठाची पगडी बांधायची नाही, रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही. न मानणाऱ्यांचे पाणी तोडले गेले, गुरांची वाट अडवली गेली. अनेकांना पिढ्यान्‌पिढ्यांची गावे सोडावी लागली. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या प्रबंधात ही हकिगत नोंदवली आहे. ब्रमेलने जरीकाठ स्वखुशीने सोडला आणि तो अभिरुचीचा आदर्श ठरला. बलाईंना तो सोडायला लावला.

२२/२३
डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले होते की, अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची रीत आणि तसे दागिने टाकून द्यावेत. वस्त्र जुने असले तरी स्वच्छ असावे. त्यांचा स्वतःचा नीटनेटका सूटही याच भूमिकेशी सुसंगत होता. आज गावोगावच्या पुतळ्यांवर तो निळा दिसतो. ज्या निळ्याला वेषसल्लागार कशाशीही जुळणारा रंग म्हणतात, त्या निळ्याला महाराष्ट्रात स्वाभिमानाचा अर्थ आहे. पाहणाऱ्याला तो क्षणात कळतो.

२३/२३
मोजक्या कपड्यांचे शास्त्र टंचाईतून आले. १ जून १९४१ पासून ब्रिटनमध्ये कापडावर नियंत्रण आले; पहिल्या वर्षी प्रौढाला ६६ कूपने, आणि पुरुषाच्या तीन भागांच्या सुटालाच २६ लागत. अशा वेळी जे कापड चार कपड्यांशी जुळेल आणि मळ दाखवणार नाही, तेच घेणे शहाणपणाचे. १९७० च्या दशकात लंडनच्या सूझी फॉ यांनी आणि १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉना कॅरन यांनी तोच विचार सुबत्तेच्या काळात नव्याने मांडला. आज कपाटासमोर उभे राहून काळा, निळा की करडा असा विचार करणाऱ्या माणसाला त्या निवडीसाठी कोणाची परवानगी लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी इंदूरजवळच्या त्या गावांत धोतराच्या रंगीत काठापायी माणसांना घर सोडावे लागले होते.